राजाच्या गळ्यावरचा वस्तरा

आमच्या अण्णांनी पन्नास वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या आणि प्रत्येक दाढीबरोबर एक खून फुकट दिला. आमचा पूर्वज राजाचा न्हावी होता. त्याने त्या जुलमी राजाचा गळा वस्तऱ्याने कापला आणि तो हसत फासावर गेला, ही ती गोष्ट. गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक काय वाद घालणार?

नगरपालिकेने मात्र घातला. दुकानासमोरच्या चौकाला पूर्वजाचं नाव हवं तर अस्सल कागद आणा, म्हणाले. अण्णांनी छाती फुगवून सांगितलं, "आमची मुलगीच दफ्तरखान्यात आहे." म्हणजे पंचाईत माझी.

महिनाभर धूळ खाऊन मी दोन गोष्टी शोधल्या: न्हाव्याचा जबाब आणि राजवैद्याची खासगी रोजनिशी. वैद्यबुवा लिहितात, 'सोमवारी पहाटे महाराज तापाने गेले. वारस पोहोचेपर्यंत वाच्यता नाही, हा दरबारचा रिवाज. ताट आत जात राहील. अत्तर शिंपडलं आहे. बुधवारी न्हावी येईल, त्याला महाराज झोपलेत म्हणून सांगावं.'

जबाबात खून बुधवारचा. आमच्या शूर पूर्वजाने दोन दिवसांपूर्वी मेलेल्या माणसाचा खून केला होता. त्याला फाशी झाली त्या दिवशी वैद्यबुवांनी 'सुटलो' एवढंच लिहिलंय. राजा दगावल्याचं खापर त्यांच्यावर फुटलं नाही ना.

दुपारी दुकान रिकामं बघून मी अण्णांना सगळं सांगितलं. वर मलमपट्टीही केली, "बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, अण्णा."

"जबाब वाच," अण्णा म्हणाले.

"नेहमीसारखी दाढी केली, मग गळा कापला."

"दाढी आधी केली?"

"हो."

अण्णा खुर्चीत बसले, गिऱ्हाइकाच्या. "मग त्याला ठाऊक होतं. तुझे आजोबा गेल्यावर त्यांची शेवटची दाढी मीच केली. गालाला पहिला हात लागला की कळतं."

"मग कापला कशाला?"

"वर्षानुवर्षं तो गळा त्याच्या हाताखाली होता. जिवंतपणी धीर झाला नाही, दुसरं काय."

मला रडू आलं. पूर्वजासाठी नव्हे, अण्णांसाठी. म्हटलं, "मी नुसता जबाब पाठवते. रोजनिशी कोण बघतंय?"

"दोन्ही पाठव. त्या चौकातून मला रोज जायचंय."

दोन्ही पाठवलं. नगरपालिकेने 'तारखांतील किरकोळ तफावत' असा शेरा मारला आणि नाव मंजूर केलं.

समारंभात अण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "माझा पूर्वज भित्रा होता. मेलेल्यावर वार करून तो मिरवला, आणि त्याच्या जिवावर पन्नास वर्षं मी मिरवलो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "केवढा हा विनय," अध्यक्ष मला म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. अण्णांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हणून बघितलं. टाळ्या आणखी वाढल्या. तरी ते माईक सोडेनात. कुणीतरी एकजण विश्वास ठेवेल म्हणून गर्दीतला एकेक चेहरा बघत राहिले.