स्कूटरवरचा सराव

पाण्यात उतरण्याआधीच चष्मेवाल्याला घाम फुटला होता. तलावाचं पाणी गार, सकाळचा वारा त्याहून गार, आणि हा गृहस्थ रबरी टोपी कानांवर ओढून काठावर कपाळ पुसत उभा. बायकोनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "घाबरायचं तर मी घाबरायला हवं. तुला काय झालंय?" ती हसत म्हणाली. त्याला काही हसू फुटेना.

आज मोठा दिवस होता. आधी तलावात पोहायचं, मग तलावाभोवतीच्या रस्त्यानं सायकलचे फेरे मारायचे आणि शेवटी बांधावरून धावायचं, सगळं एका दमात. कोचचा नियम असा, की स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांनी जोडीनंच उतरायचं, आणि आज सूर्य मावळायच्या आत जी जोडी सगळं पुरं करील तिचंच नाव स्पर्धेसाठी पुढे जाईल. एक गळाला की दुसराही बाद.

बायको शाळेत गणित शिकवायची. लहानपणी तिला दमा होता, म्हणून खेळाच्या तासाला सगळी पोरं मैदानात आणि ही वर्गात त्यांची दप्तरं राखत बसलेली. "एकदा छातीवर नंबर लावून धावायचंय मला, मग मेले तरी चालेल," असं ती म्हणायची. दोन वर्षं राबत होती बिचारी. जोडीला कोण, असा प्रश्न आला तेव्हा नवरा छाती काढून म्हणाला, "मी आहे ना!" म्हणायला काय जातं?

पहिला महिनाभर त्यानं सायकल दामटली, नाही असं नाही. मग चष्म्याच्या दुकानात गर्दी, मग पाठदुखी, मग सरळसरळ कंटाळा. एका सकाळी त्यानं सायकलीसाठी म्हणून मनगटावरचं घड्याळ सुरू केलं, तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. हा स्कूटर काढून चष्मा पोचवायला गेला आणि घड्याळ बंद करायचं विसरला. गल्लीबोळांतून रखडत गेलेली ती स्कूटर घड्याळानं सायकल म्हणून नोंदवली आणि नेहमीप्रमाणे कोचच्या फोनवर धाडून दिली. संध्याकाळी सगळ्या गटाला कोचचा निरोप आला: 'याचा वेग बघा, आणि छातीचे ठोके बघा! झोपलेल्या माणसाचेसुद्धा एवढे संथ नसतात!' अहो, स्कूटरवर बसलेल्या माणसाचे ठोके वाढतील कशाला? पण बायकोनं तो निरोप दोनदा वाचला आणि नवऱ्याकडे असं काही बघितलं, की तसं तिनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

खरं सांगून टाकायची ती वेळ होती. पण मेल्यानं मूग गिळले. दुसऱ्या दिवशी तर मुद्दाम घड्याळ सुरू करून स्कूटरला किक मारली, आणि पुढे तीच सवय लागली. कुणी विचारलं तर हा आपला मिशीत हसून म्हणायचा, "होतं हळूहळू." लाज म्हणून काही असते, ती कोळून प्यायला होता.

ते सगळं आज अंगाशी येणार होतं. पाण्यात अर्ध्यावरच त्याचे खांदे भरून आले. खुणेसाठी बांधलेल्या दोराला लोंबकळत तो म्हणाला, "गॉगलमध्ये पाणी जातंय." बायको उलटी फिरून त्याच्यापाशी आली आणि नुसते पाय मारत थांबून राहिली. पुन्हा दोर आला, पुन्हा गॉगलचं रडगाणं. शेवटी काठ लागला तेव्हा बाकीच्या जोड्या सायकलींवर दिसेनाशा झाल्या होत्या.

दुसऱ्या फेऱ्याला चढ आला आणि त्याच्या मांड्यांनी हात टेकले. बायको पुढे गेली होती. मागे वळून बघते तर नवरा रांगतोय. आता हिला कळणार, असं त्याच्या मनात आलं. ती वेग कमी करून त्याच्या बरोबरीला आली.

"तू माझ्यासाठी हळू चालवतोयस ना?" तिनं विचारलं.

तो धापा टाकत पेडल रेटत राहिला.

"कळतं मला. मघाशी पाण्यातसुद्धा गॉगलचं निमित्त करून मला विसावा देत होतास. पण माझी दया नको करूस रे. तुझ्याएवढा दम नसेल माझ्यात, पण मी ओझं नाही होणार तुझ्यावर." एवढं बोलून ती सीटवरून उठली आणि दात-ओठ खात चढ मारू लागली.

हाक मारायची होती. "अगं थांब, मीच थकलोय," एवढंच तर म्हणायचं होतं! चष्मेवाल्यानं मान खाली घातली आणि तो तिच्यामागे फरपटत राहिला. तो मागे पडला की तिला वाटायचं, अजून हा आपल्यासाठीच थांबतोय. मग ती आणखी जोर लावायची.

बांधावर धावायला लागले तेव्हा उन्हं कलली होती. त्याच्या पोटऱ्यांत गोळे, तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे काजवे. पुढच्या झाडाशी बसकण मारायची आणि होईल ते होऊ द्यायचं, असं त्यानं ठरवलं. झाड दहा पावलांवर आलं आणि पुढे धावणारी बायको "आई गं!" करून कोसळली.

तिचा उजवा गुडघा बघता बघता टरारून सुजला. ती दोनदा उठली, दोनदा पडली. तिसऱ्यांदा मात्र तिनं तोंड झाकून घेतलं. आणि आमच्या चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. बायको मातीत पडलेली असताना याला सुटल्यासारखं वाटलं! त्याचं त्यालाच ते जाणवलं आणि आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोच मोटारसायकलवरून आला. गुडघा दाबून बघताना तो वैतागला. "हा आजचा नाही. आतून कधीचा झिजलाय. मी दिलं होतं तेवढंच केलंत ना?"

"नाही सर," ती म्हणाली. "याचे आकडे बघितले आणि धास्तीच घेतली. तुम्ही सांगितलेलं पहाटे करायचे, आणि शाळेतून आल्यावर पुन्हा तेवढंच. दुखत होतं, पण सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतंत. याची जोडीदार शोभायला हवी ना मी."

"यंदा विसरा. पुढेही धावणं जमेल असं मला वाटत नाही." कोच उठला आणि त्यानं चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं वाईट वाटतं बाबा. एवढी तयारी, आणि दिवसभर बायकोच्या मागे राहून तिला सांभाळलंस. दुसरा असता तर चिडला असता." धावणं संपवून परतणाऱ्या एका जोडीनं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

कोच गाडी आणायला गेला. बायकोनं नवऱ्याचा हात धरला. "माझ्यामुळे तुझी मेहनत मातीत गेली रे," ती म्हणाली. "बोल ना काहीतरी. रागावलास?"

सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. स्कूटर, घड्याळ, सगळं. तिथे ऐकायला तिसरं कुणीही नव्हतं.

"असू दे," तो म्हणाला. "मी नाही रागावलो तुझ्यावर."

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.