चाळीस पाणघोड्यांतला पहिला

मी एक पाणघोडा बोलतोय. मुठीत मावणारा, राखाडी सुती दोऱ्याचा, क्रोशाच्या सुईवर विणलेला. माझ्या आयुष्याचा मोठा भाग मी डोळ्यांवाचून काढला आहे; म्हणून आधीच एक खुलासा करतो. पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे मी ऐकलेले किंवा अंगाला जाणवलेले आहे, पाहिलेले नाही. एखादी गोष्ट मला ठाऊक नसेल, तर तसे सांगेन.

माझी सुरुवात नाकापासून झाली. सहा टाक्यांचे एक कडे, मग बारा, मग अठरा, अशा फेऱ्या वाढत गेल्या. नाकाचे डोके झाले आणि डोक्याचे अंग. ज्या हातांनी मला विणले ते थोरलीचे. तिने बावीस वर्षे तयार कपड्यांच्या कारखान्यात काढली होती. कारखाना बंद झाला, पण ही बातमी तिच्या बोटांपर्यंत पोहोचली नसावी. ती बसल्या जागी काहीतरी विणतच असे.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. थोरली तळमजल्यावर राही, धाकटी वरच्या मजल्यावर. धाकटी बालवाडीत शिकवत असे. दुपारी शाळा सुटली की ती पिशवी घेऊन खाली येई आणि दोघी खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. प्राणी विणण्याचे काम तिथेच सुरू झाले. धाकटीची मुलगी आठ दिवस दवाखान्यात होती, तेव्हा थोरलीने तिला एक हत्ती विणून दिला. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने तस्सा हत्ती हवा म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला. मग त्याला एक, मग त्याच्या शेजारच्याला एक. पुढे लोक विकत मागू लागले तेव्हाही दोघींनी एक नेम पाळला: दहा प्राणी पुरे झाले की त्यांतला एक मुलांच्या वॉर्डात द्यायचा.

आता कामाची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. आमचा डोळा म्हणजे एक काळे चकचकीत बटण. त्याला मागे दांडी असते. दांडी बाहेरून आत घालायची आणि आतल्या बाजूने तिच्यावर चकती दाबायची. टिच असा आवाज होतो आणि डोळा कायमचा बसतो. मूल कितीही चावो, निघत नाही. मात्र चकती आतून दाबायची म्हणजे अंग उघडे हवे. म्हणून क्रम ठरलेला होता. थोरलीने अंग विणायचे आणि तळ उघडा ठेवायचा. धाकटीने डोळे बसवायचे, नाकपुड्या काळ्या दोऱ्याने भरायच्या आणि भुवईचा एकच टाका घालायचा. मग अंग पुन्हा थोरलीकडे, कापूस भरून तळ बंद करायला.

धाकटीच्या हाताला खरोखर गुण होता. डोळा एक फेरी खाली बसला तर प्राणी रडवा दिसतो आणि एक फेरी वर गेला तर लबाड, असे ती म्हणे. थोरलीला चेहरा जमत नसे, आणि ते ती कबूलही करी. त्या टेबलावरच्या दुपारी आनंदाच्या असत, असे माझ्या आधीच्या प्राण्यांकडून मी ऐकले आहे.

"वहिनी, याचा एक कान मोठा झालाय हो."

"तुझ्या नवऱ्याचाही आहे. चाललाय ना संसार?"

माझा जन्म मात्र या टेबलाशी झाला नाही. तो एका प्रदर्शनात झाला. शाळेच्या सभागृहात ओळीने टेबले मांडली होती. धाकटी पुढे उभी राहून बोलत होती आणि थोरली मागच्या खुर्चीत बसून मला विणत होती. माझी दहावी फेरी चालू होती. तेवढ्यात लहान मुलांचे दात पाहणारी एक डॉक्टरीण आली. तिने बराच वेळ एकेक प्राणी हाताळला असावा, कारण ती "अगं बाई, हा बघा कसा बघतोय!" असे निदान चार वेळा म्हणाली. मग तिने विचारले,

"हे सगळं तुम्ही एकट्या करता?"

"हो," धाकटी म्हणाली. "म्हणजे, आमच्या जाऊबाई थोडा हातभार लावतात."

सुई थांबली. माझ्या दहाव्या फेरीत, अर्ध्या टाक्यात. किती वेळ थांबली ते मोजायला माझ्याकडे साधन नव्हते. पण पुढचा टाका इतका आवळला गेला की तेवढी जागा आजही कडक लागते.

"आणि मावशी, तुमच्या हातात काय आहे?" डॉक्टरणीने विचारले.

"पाणघोडा."

"हा तर आ करणारा प्राणी! मला हेच हवेत. चाळीस द्या. माझ्या खुर्चीत बसून जे पोर मुकाट्याने तोंड उघडेल, त्याला एक पाणघोडा."

धाकटी हरखून गेली. शनिवारपर्यंत देते म्हणाली.

त्या 'थोड्या हातभारा'वर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. मला दुसरे कामही नव्हते. माझ्या अंगात सातशेहून अधिक टाके आहेत. धाकटीचे काम म्हणजे दोन डोळे, दोन नाकपुड्या, एक भुवई. पण एवढ्यावरून निवाडा करणे योग्य होणार नाही. डोळ्यांवाचून मी कसा दिसत होतो ते थोरल्यांनी, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने, पहिल्याच दिवशी सांगितले होते: "हा बटाटा कुणासाठी विणलास गं?" तेव्हा चेहऱ्याची किंमत मी कमी लेखत नाही. थोरलीही लेखत नसे. तिला पैसे वाढवून नको होते, पुढे उभे राहून बोलायचेही नव्हते. धाकटीने 'आम्ही दोघी करतो' एवढे म्हणावे, इतकेच तिला हवे होते. तीन शब्द. ते तिने मागितले नाहीत, आणि माझ्या मते तिची चूक इथून सुरू होते.

पुढचे पाच दिवस ती विणत राहिली. धाकटीच्या शाळेत तपासणी होती, त्यामुळे ती खाली येऊ शकली नाही, जिन्यावरूनच ओरडून विचारी, "वहिनी, होतंय ना?" आणि थोरली आतूनच म्हणे, "होतंय." झालेही. चाळीस अंगे झाली. मग तिने प्रत्येकात कापूस भरला, तळाचा दोरा आवळला, गाठ मारली आणि गाठीचे टोक अंगात खोल दडवले. चाळीसच्या चाळीस. डोळे न बसवता.

शुक्रवारी दुपारी धाकटी डोळ्यांची डबी घेऊन आली. टोपलीत तिचा हात शिरला. एकाला उचलले, दुसऱ्याला उचलले, मग मला.

"वहिनी, हे बंद का केलेत?"

"अंगं पुरी केली."

"अहो, पण डोळे कुठून बसवू मी? चकती आत कशी जाणार?"

"ते मला काय माहीत? मी आपला थोडा हातभार लावते."

डबी टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि आतले डोळे खुळखुळले.

"एवढ्यासाठी?" धाकटी म्हणाली. "एका शब्दासाठी उद्याची ऑर्डर बुडवलीत? सांगायचंत ना मला तोंडावर!"

"तूही सांगायचंस. त्या बाईला."

"निघालं हो तोंडातून! गिऱ्हाईक समोर असलं की माणूस बोलतं काहीतरी."

"हो ना. खरं तेवढं मात्र निघत नाही."

धाकटी निघून गेली. जिन्यावर तिची पावले जलद वाजली. थोरलीने टोपली टेबलाखाली सरकवली. आता आपण जिंकलो असे तिला वाटत होते, हे मी खात्रीने सांगतो, कारण ती गुणगुणत होती. आपल्याशिवाय अडणार, धाकटीला परत यावे लागणार, असा तिचा हिशेब होता.

तो चुकला. धाकटीने डॉक्टरणीकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, इमारतीतल्या दोन कॉलेजच्या मुलींना विणायला बसवले आणि चाळीस पाणघोडे पोहोचते केले. थोरल्यांनी ते पाहिले होते. एकाचे पोट बसलेले, दुसऱ्याचा पाय आखूड, असे ते घरी येऊन सांगू लागले; बायकोला बरे वाटेल असा त्यांचा समज असावा.

"मग? डॉक्टरीण काय म्हणाली?" थोरलीने विचारले.

"खूश होती. पोरं तोंड मिटायलाच तयार नाहीत म्हणे. आणखी साठ मागितलेत."

"पायाचं काही बोलली नाही?"

"पायाचं? पायाकडे कोण बघतंय? सगळी तोंडाकडेच बघतात."

तो विनोद होता. थोरली हसली नाही. आपण नसलो तर काम बिघडेल, असे तिला इतकी वर्षे वाटत आले होते. बिघडले होतेच, फक्त ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. भांडणाने दुखावली नसेल इतकी ती या बातमीने दुखावली. त्या दिवसापासून सुई हातात घेतल्याचा आवाज आला नाही.

एकदा ती आम्हाला घेऊन मुलांच्या वॉर्डात गेली. विकायचे नाहीत तर निदान वाटून टाकू, असा विचार असेल. तिथल्या परिचारिकेने मला उचलले आणि चाचपले.

"मावशी, यांना डोळे नाहीत?"

"राहिलेत."

"मग राहू दे हो. आमच्याकडची पोरं आधीच घाबरलेली असतात." ती मऊपणाने बोलली, पण तिने मला परत टोपलीत ठेवले.

किती महिने गेले ते मला सांगता येत नाही. धाकटीची पावले रोज दुपारी दारावरून जिन्याकडे जात. कधी कधी ती दाराशी मंदावत. थोरली त्या वेळी खुर्चीत अगदी स्तब्ध बसे. दार कुणीच उघडले नाही.

मग एका दुपारी थोरलीने टोपलीतून मला काढले. मी चाळिसांतला पहिला; तळाची गाठ कुठे दडवली आहे हे फक्त तिला ठाऊक होते. तिने ती हुडकून कापली, कापूस बाहेर काढला आणि रिकामा, उघडा असा मला मुठीत धरून ती जिना चढली. माफी मागायचा शब्द तिला येत नव्हता. उघडा तळ हाच तो शब्द होता.

"या ना, वहिनी," धाकटी म्हणाली. खोलीत आणखी दोन सुया चालू होत्या. त्या दोघी मुली असणार. थोरलीने मला टेबलावर ठेवले. धाकटीने मला उचलले, आत दोन बोटे घातली आणि फेऱ्या चाचपल्या. मग ती अगदी हळू म्हणाली, "तुमचं विणलेलं हातात आलं की कळतं हो लगेच."

"काय म्हणालात, बाई?" एका मुलीने विचारले.

"काही नाही. तू टाके मोज."

टिच. टिच.

मला दिसू लागले. पहिली दिसली ती धाकटी, फार जवळून, जिभेचे टोक दातांत धरलेली. काम करताना ती वाईट दिसत नाही, हे मला नोंदवले पाहिजे. मग थोरली दिसली. तिचे हात मी ओळखत होतो. तिला स्वतःला प्रथमच पाहत होतो. इतकेच म्हणतो, की मी तिला बरीच तरुण समजत होतो.

नाकपुड्या झाल्या, भुवई झाली. थोरलीने कापूस भरून तळ बंद केला. दोघी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मला वाटले, आता ठीक होईल. तेवढ्यात धाकटीने डबीतून एक पांढरी कापडी पट्टी काढली. हल्ली प्रत्येक प्राण्याला ती लावतात. तिच्यावर धाकटीचे नाव छापलेले होते आणि खाली 'हिच्या हातचे'. सवयीने तिने दोन टाक्यांत ती माझ्या कुशीला अडकवली.

थोरलीने पट्टी वाचली. वाचताना तिचे ओठ हलले.

"या पट्टीवर," ती म्हणाली आणि थांबली.

दोन्ही मुलींच्या सुया थांबल्या. धाकटीने मान वर केली नाही. आता मला डोळे होते, म्हणून निश्चित सांगतो: थोरली काय म्हणणार ते तिला समजले होते. तिचे कान लाल झाले होते.

"काय, वहिनी?"

"टाका सैल आहे," थोरली म्हणाली. "धुतल्यावर निघेल. दे इकडे."

तिने सुई ओवली आणि पट्टी चारही कडांनी शिवली. बारीक, एकसारखे, जवळजवळ टाके. दुसऱ्याचे नाव इतके जपून शिवताना मी कुणाला पाहिलेले नाही. अर्थात मी फार काही पाहिलेलेच नाही. दोरा तोडून ती म्हणाली, "बाकीचे एकोणचाळीस उघडून पाठवते," आणि खाली गेली.

पाठवलेही. थोरले पिशवी आणून देतात. ती स्वतः येत नाही.

मी हल्ली धाकटीच्या फळीवर नमुना म्हणून बसतो. गिऱ्हाइके मला उचलतात आणि "किती गोड हसतोय" म्हणतात. मी हसत नाही. भुवई थोडी वर बसली आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी मला घरी नेईल. पट्टी पोराला टोचते म्हणून कापायला घ्याल. तसे करू नका, एवढीच माझी विनंती आहे. तिच्यावर काय छापले आहे ते वाटल्यास वाचू नका. पण तिच्या कडेची शिवण थोरलीची आहे, आणि माझ्या बाकीच्या सातशे टाक्यांकडे कुणी पाहत नाही; लोकांच्या नजरेला पडेल असे तिचे माझ्या अंगावर तेवढेच आहे.