पत्रामागचं घरटं

आपल्या वडिलांनी एक ग्रंथ लिहिला होता, हे बोरू उभा जन्म सांगत आला आणि उभा जन्म लोक त्यावर हसत आले. बोरू हे त्याचं घरातलं नाव. अंगाने तसाच काटकुळा. सारी नोकरी छापखान्यात गेली, आधी अक्षरांचे खिळे जुळवण्यात, मग मुद्रितं तपासण्यात. वडील शाळामास्तर. पक्ष्यांच्या घरट्यांवर ते वर्षानुवर्षं लिहीत बसायचे. बोरू लहान असतानाच ते गेले, आणि मोठा झाल्यावर त्याने कपाट उघडलं तर आत एक पान नाही. विचारावं तर तोवर आत्याही गेली होती.

तेव्हापासून घरात कुणाची किल्ली हरवली की आतेबहीण म्हणायची, "मामाच्या ग्रंथात बघा, तिथे असेल." सगळे हसत. बोरूही हसायचा, न हसून सांगतो कुणाला? पुढेपुढे त्याचं त्यालाच वाटू लागलं, की ते कागद आपण पाहिले होते, की नुसतं तसं हवं होतं म्हणून मनाने घेतलं?

आणि आता तो ग्रंथ त्याच्यासमोर टेबलावर होता. फक्त पालथा.

त्याचं असं झालं होतं. आत्या त्यांच्याच घरी राहायची आणि वसतिगृहातल्या आपल्या मुलीला, म्हणजे याच आतेबहिणीला, पत्रं धाडायची. भाऊ गेल्यावर त्याच्या कागदांच्या कोऱ्या बाजू तिला दिसल्या आणि तिने त्या कामी लावल्या. मुलीने पत्रं जिवापाड जपली, पुढे अभिलेखागाराला दिली. तिथे त्या काळच्या रीतीप्रमाणे एकेक पत्र जाड कागदावर खळीने चिकटवलं गेलं. आत्या वर, वडील खाली. वडिलांच्या नावाचं काहीच सापडेना म्हणून बोरूने शेवटी आत्याची पत्रं मागवली. पुसट ओळ लागेना म्हणून एक पत्र खिडकीसमोर धरलं, तर आत्याच्या अक्षरांमागे एका घरट्याचं चित्र उमटलं.

आज अभिलेखागाराच्या दुरुस्तीच्या खोलीत तिघं होती. तो, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली आतेबहीण, आणि कागद दुरुस्त करणारी बाई.

"पुन्हा सांगते," बाई आतेबहिणीला म्हणाली. "खळ ओली केल्याशिवाय पत्र सुटणार नाही. आणि तुमच्या आईने लिहिलंय जांभळ्या पेन्सिलीने. पाणी लागलं की ती पसरते. मागचं मिळेल, पण पुढचं जाईल."

"फोटो काढून?" बोरूने हळूच विचारलं.

"काढले की. दोन्ही मजकूर एकमेकांत गुंतलेत, मला तर काही उलगडेना."

"मी एका पत्राला हो म्हटलंय," आतेबहीण म्हणाली. "कुठलं ते याला निवडायला सांगितलं."

"ताई, तुझ्या आईची पत्रं आहेत..."

"म्हणून तर! मी निवडायला बसले असते तर एकही दिलं नसतं." मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "मागे काहीतरी खरडलेलं असायचं रे. मला वाटलं, शाळेची रद्दी. ट्रंकेत ग्रंथ ठेवून मी तुझी टिंगल करत होते."

बोरूने टेबलावरच्या पत्राकडे पाहिलं. त्याने सगळी पत्रं वाचली होती, ज्यात काही नाही असं एक शोधायला. तसं एकही निघालं नाही. शेवटी स्वेटरच्या बटणांचं निवडलं. त्यात दुखणं नव्हतं, रडणं नव्हतं, नुसती बटणं.

बाईने ब्रश पाण्यात बुडवून निथळला आणि कोपऱ्यावर टेकवला. तिने पातळ पाती आत सरकवली. कोपरा सुटला, जरासा वळला, आणि खाली वडिलांचं अक्षर दिसलं. तिरपं, काळंभोर, जराही न पुसलेलं. 'घरटं हे...' एवढंच.

बोरूच्या डोळ्यांत पाणी आलं. होतं तर! खरंच होतं!

"पुढे जाऊ?" बाईने विचारलं. "लवकर सांगा, ओल चढतेय."

त्याने वरच्या बाजूला पाहिलं. ओल जांभळी होत चालली होती. सहीतलं 'तुझी' विरघळलं होतं. त्याच्या शेजारच्या 'आई'च्या कडा फुगू लागल्या होत्या.

"थांबा."

"काय?" आतेबहीण उठलीच. "मी हो म्हटलंय ना!"

"मी नाही म्हणतोय. वाळवा, बाई. लगेच."

टिपकागद, वजन, पंखा. 'आई' बचावलं, कडेला जांभळं होऊन. आतेबहीण धपकन खाली बसली. "मूर्ख आहेस. आयुष्यभर ज्याच्यासाठी जीव टाकलास, ते हातात आलं होतं."

"हो गं," बोरू पुटपुटला. आपण पुन्हा एकदा कच खाल्ली असं त्याला वाटत होतं. हात कुठे ठेवावेत हेही कळेना. वाळलेलं पत्र बाईने खालून उजेड येणाऱ्या काचेवर ठेवलं, डाग किती पडला ते बघायला. बोरूही सवयीने वाकला. जांभळ्या ओळी सुलट आणि त्यांच्यात अडकलेल्या काळ्या उलट. उलट्या अक्षरांचं त्याला काही नव्हतं. छापखान्यात खिळे उलटेच वाचतात. अडत होतं ते वरच्या गर्दीपाशी.

"ताई, ही ओळ वाच. एकेक शब्द, बोट ठेवून."

"तोंडपाठ आहे मला. 'बटणं घट्ट शिवली आहेत, दोरा...'"

"हळू." तिच्या बोटाखालचा शब्द तो मनातल्या मनात काढून टाकत होता, मुद्रितातली चूक काढावी तसा. मागे जे उरलं ते त्याने चाचपडत उच्चारलं. "'कावळी... काड्या आणते... त्या...' पुढचं जातंय."

"मामाचं आहे हे?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"बहुतेक. मी चुकतही असेन."

"चुकत नाहीस," ती म्हणाली आणि पर्स खाली ठेवून खुर्ची काचेजवळ ओढली. आईची ती ओळ तिने आजवर मोठ्याने कधी वाचली नव्हती. 'दोरा'पाशी येऊन ती अडली.

"पुन्हा," बोरू म्हणाला. "बटणांपासून घे."