फुलं आलेली जलपर्णी

आमच्या गल्लीच्या विहिरीला दोन वर्षं सील आहे. कारखान्याचं विषारी क्रोम तिच्यात उतरलं. सरकारी माणसं म्हणाली, कारखान्याच्या तळ्याचे सलग तीन महिन्यांचे नमुने चांगले आले तर विहीर उघडू, नाहीतर अख्खी गल्ली हलवू. पहिले दोन चांगले आले. तळ्यात सोडलेल्या जलपर्णीमुळे. ती मुळांनी विष पिते, ही थाप नाही. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या भरायचो, आकडे डोळ्यांनी पाहिलेत.

तळं सांभाळायला कारखान्याने माझ्या भावाला ठेवलं. दादा तीस वर्षं माळी. मॅनेजरने त्याला एकच वाक्य सांगितलं, "तळं हिरवं दिसलं पाहिजे." विष पिऊन भरलेली झाडं कुजायच्या आत उपटून जाळायची असतात, हे लिहिलेला कागद मॅनेजरच्या कपाटात पडून होता.

दादा हाडाचा माळी. जोमातल्या झाडाला उपटायला त्याचा हात उठत नाही. जांभळी फुलं आली तेव्हा तो वहिनीला हाताला धरून दाखवायला घेऊन आला. कारखान्यात आलेल्या पाहुण्यांनी फोटो काढले. मीही फुलंच पाहत बसलो. दाटीत खालची झाडं गुदमरली, बुडाली, कुजली आणि प्यायलेलं सगळं पाण्यात ओकली.

तिसरा नमुना पहिल्या दोन्हींच्या चौपट वाईट.

मॅनेजर चहा ढवळत म्हणाला, "माळी तुमचाच ना?"

"आणि कागद?"

"त्याला वाचता येतं का?"

"तुम्हाला येतं ना, साहेब? मग तुम्हाला काय झालं होतं?"

माझी नोकरी तिथेच गेली. गेली तर गेली.

तळ्यावर दादा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून उघड्या हातांनी काळी मुळं उपसत होता. वहिनी काठावरून ओरडत होती, "कुंडीतलं वाळकं पान खुडताना रडणारा माणूस, आज बघा कसा मर्द झालाय! बाहेर या म्हणते ना!"

"दादा, नमुना गेला. घरं रिकामी करायचीत."

"आज सगळी काढतो रे."

ढीग छातीएवढा झाला होता. त्यातून निथळणारं पाणी उतारावरून पुन्हा तळ्यातच जात होतं.

"टाकणार कुठे हे?" मी विचारलं. जाळायची भट्टी कारखान्याने बांधलीच नव्हती.

दादाने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग ओढ्याकडे, मग माझ्याकडे. "तूच सांग. तू शिकलेला."

तो कवळाभर जलपर्णी छातीशी धरून तसाच पाण्यात उभा राहिला.