हेडफोन कुणासाठी

वग्दीच्या कानाला शुब्रा मोहल्ल्यातले भलेभले गवई घाबरायचे. गिर्गिसच्या रेडिओ-हेडफोनच्या दुकानामागच्या खोलीत दर गुरुवारी गाणं व्हायचं, आणि नवा गवई आला की सगळे गाणाऱ्याकडे नाही, वग्दीच्या तोंडाकडे बघायचे. ओळ फिरून फिरून जिथे येऊन टेकते, तो कफला. त्या जागी वग्दीने "अल्लाह!" म्हटलं की गिर्गिस त्या गवयाला लग्नांची कामं मिळवून द्यायचा. वग्दी गप्प राहिला तर गवयाने चहा प्यावा आणि घरी जावं. आणि कफल्याच्या आधीच दाद देणारा? तो म्हणजे घास तोंडात जायच्या आधी ढेकर देणारा. त्याला पुन्हा कुणी बोलवत नसे.

हा कान वर्षभर दगा देत होता. हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, अशी वग्दीची समजूत होती. नवऱ्यांच्या अशा समजुती बायका चालू देतात.

घरात रेडिओचा आवाज वाढत गेला, तशी खालची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकू लागली. शेवटी त्याची बायको नेमत म्हणाली, "चल, हेडफोन घेऊ. तुझं गाणं तुझ्या कानात, आणि तिचा झाडू तिच्या हातात."

नाही म्हणायला कारण नव्हतं, म्हणून मंगळवारी दुपारी दोघं दुकानात आले.

"या उस्ताज!" गिर्गिसने खुर्ची पुसली. "नेमतबाई, बसा. आज कानाचीच परीक्षा! आणि परवाच्या गुरुवारचं लक्षात आहे ना? तांताहून एक मुलगी येतेय. चांगली गाते म्हणतात. मागच्या रऊफसारखं नको व्हायला."

वग्दीने नुसती मान हलवली. गेल्या गुरुवारी मन्सूराहून आलेल्या रऊफचे ओठ हलताना त्याला दिसले होते, पण आवाज जाड गोधडीमागून यावा तसा येत होता. कफला कुठे आला ते कळलंच नाही. चुकीच्या जागी तोंड उघडण्यापेक्षा तो गप्प बसला. रऊफने चहाला हातही लावला नाही.

"कोणतं लावू?" गिर्गिसने विचारलं.

"आमच्या लग्नातली ती फीत, तू फोनवर उतरवलेली," वग्दी घाईने म्हणाला. चाळीस वर्षांपूर्वीची ती मैफल त्याला श्वासासकट पाठ होती.

पहिला हेडफोन लावला. नुसता डफ धपधप करत होता. "खर्ज फार आहे याला," तो तोंड वाकडं करून म्हणाला. दुसरा लावला. "हा पत्र्यासारखा वाजतो." नाचता येईना अंगण वाकडं.

नेमतने तोच दुसरा कानाला लावून पाहिला. "मला तर छान ऐकू येतंय."

"तुला मिक्सरही छान ऐकू येतो."

ती हसली नाही. एकटक त्याच्याकडे बघत राहिली.

गिर्गिसने जाड गाद्यांच्या बिनतारी हेडफोनचे दोन सारखे जोड काढले. एक नेमतला दिला, एक वग्दीच्या डोक्यावर नीट बसवला. "यात खोट काढून दाखवा, उस्ताज," म्हणत त्याने फोनवर बोट टेकवलं.

काहीच नाही. डफ नाही, खरखर नाही. रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा मिटले.

संपलं, वग्दीला वाटलं. आज, इथे, या दोघांसमोर कान गेला. गिर्गिस गालात हसत बघत होता. वग्दीने डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली. आता बासरी. आता गाणारी बाई ओळ उचलते. एकदा. दुसऱ्यांदा, जरा वरून. तिसऱ्यांदा मध्येच थांबते, कुणीतरी खोकतं. चौथ्यांदा घेते, लांबवते, लांबवते...

"अल्लाह!"

त्याने डोळे उघडले. नेमतच्या तोंडूनही तोच शब्द निघाला होता, त्याच क्षणी. तिचे डोळे भरले होते. गिर्गिस मात्र हसत नव्हता. तो वग्दीच्या कानापाशी बघत होता, जिथे निळा दिवा लागायला हवा होता.

वग्दीने हेडफोन काढला. "काय झालं?"

"उस्ताज," गिर्गिस हळूच म्हणाला, "हा चालूच नाही. गाणं फक्त यांच्या कानात होतं."

कान पुरता गेला नव्हता, म्हणून वग्दीला हायसं वाटलं. आणि त्याच दमात मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेमत पटकन पुढे सरकली. "अरे, त्याला हेडफोन कशाला लागतो? माझं तोंड बघून ओळखतो तो. चाळीस वर्षं तेच करतोय."

डोळे तर त्याने मिटले होते. गिर्गिसनेही ते पाहिलं होतं. पण तो मान हलवून म्हणाला, "खरंय, खरंय. मग गुरुवारी या, उस्ताज. मुलीला तुमचीच भीती आहे."

सुटलो, वग्दीला वाटलं. नुसतं उठून निघायचं होतं. पण त्याला रऊफचा तो चहाचा भरलेला पेला आठवला.

"नेमत, रऊफ कसा गायला होता?"

ती म्हणाली, "मी मागे बसून रुमालाने डोळे पुसत होते."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू गप्प होतास. तुझ्यापुढे मी काय बोलणार?"

वग्दी गिर्गिसकडे वळला. "रऊफला फोन कर. सांग, म्हातारा बहिरा झालाय, गाण्यात खोट नव्हती. कामं दे त्याला."

गिर्गिसने फोन उचलला, पुन्हा खाली ठेवला. "मग गुरुवारी ऐकायचं कुणी?"

"हिने. माझ्या खुर्चीत हिला बसव. माझी खुर्ची हिच्यासमोर ठेव, तोंड दिसेल अशी."

"आणि हेडफोन?"

"हिच्या डोक्यावर आहे तो बांधून दे."