हार नको, हनुवटी द्या

मी एक जुना दिवा आहे, पण देवघरातला नाही आणि अंगणातलाही नाही. दौंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, कायम पडदे ओढलेल्या खोलीत मी उभा असतो. माझ्या एका बाजूला पेशंट बसतो, हनुवटी खाचेत ठेवतो आणि कपाळ पट्टीला लावतो. दुसऱ्या बाजूने डॉक्टर माझ्या भिंगांतून त्याच्या डोळ्याच्या आत पाहतात. माझं खरं नाव स्लिट लॅम्प. इथे ते कुणी घेत नाही. सगळे मला 'हनुवटी टेकवायचं मशीन' म्हणतात. मित्रांनो, माझी त्यालाही हरकत नाही, कारण माझं सगळं गाऱ्हाणं त्या हनुवटीवरूनच आहे.

माझी भिंगं कुणीतरी फार मन लावून घासली असणार, कारण इतकी वर्षं झाली तरी त्यांत खोट नाही. उमेदीची वर्षं मी पुण्याच्या मोठ्या इस्पितळात काढली. तिथे नवीन मशीन आलं आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. अंगावर एक मळकी चादर आणि चादरीवर कुणाचा तरी डबा, अशी माझी अवस्था होती. मग करुणा मॅडमनी दौंडमध्ये दवाखाना काढला आणि मला गोधडीत गुंडाळून टेम्पोतून आणलं. माझी दांडी थोडी सैल आहे, बल्ब मधूनच रुसतो. पण मॅडम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "म्हातारा आहे, पण याच्या नजरेतून काही सुटत नाही." हे ऐकलं की मला अजून बरं वाटतं.

नजरेतून सुटत नाही हे खरंच, पण तोंड नाही त्याचं काय करू? माझा सगळा चडफडाट तिथेच आहे.

रांजणगावच्या कंपनीतला कामगार डोळ्यात लोखंडाचा कण गेला की शिफ्ट सोडून धावत येतो. कुरकुंभच्या कारखान्यात कुणाच्या डोळ्यात काही उडालं तर चार जण त्याला धरून आणतात. का? तर डोळा दुखतो. जे दुखतं त्याला माणूस मान देतो. काचबिंदू मात्र मुळीच दुखत नाही. म्हणून त्याच्यासाठी कुणी धावत येत नाही.

आता बाळासोंचं ऐका. बाळासो नदीपलीकडचे, मांडवगण फराट्याचे. त्यांचा झेंडूचा मळा होता आणि फुलांतली त्यांची पारख सगळ्या गावाला ठाऊक होती. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड फाकतो, एवढी तक्रार घेऊन ते पहिल्यांदा माझ्यापुढे बसले. सोबत त्यांची बायको सोजरबाई होती. मॅडमनी बराच वेळ पाहिलं.

"बाळासो, तुमच्या डोळ्यांत दोन दुखणी आहेत," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, त्याची घाई नाही. पण काचबिंदूही आहे. आतल्या पाण्याचा दाब वाढलाय आणि तो मागची नस मारतोय. रोज झोपताना हे थेंब टाकायचे, कायमचे."

"मग दोन्ही पिकू द्या की," बाळासो म्हणाले. "पिकल्यावर एकदमच काढू."

"काचबिंदू पिकतही नाही आणि काढताही येत नाही. त्याने नेलेली नजर परत येत नाही."

बाळासोंनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. कसलं पटलं! आयुष्यभर कच्चं तोडायचं नाही हे शिकलेला माणूस तो. त्याने आपल्या सोयीचं तेवढं ऐकलं आणि बाकीचं माझ्या समोरच्या स्टुलावर ठेवून घरी गेला.

नंतर ते तपासणीला यायचे तेव्हा दाब बरा निघायचा. मॅडम खूश व्हायच्या. पण एकदा मॅडम बाहेर गेल्या असताना सोजरबाई हळूच म्हणाल्या, "चार दिस झालं टाकताय न्हवं थेंब? म्हंजी आज बी चांगलंच निघंल."

हा प्रकार होता तर! पाहुणे यायचे म्हणून अंगण सारवावं, तसे हे गृहस्थ तपासणी आली की थेंब टाकायचे. तपासणी झाली की बाटली कोनाड्यात. मॅडमनी विचारलं, "रोज टाकता ना?" तर म्हणाले, "रोज! हिला इचारा." सोजरबाईंनी पदर सारखा केला आणि जमिनीकडे पाहिलं. मागच्या नसेची कड झिजत चाललेली मला दिसत होती. मॅडमनाही शंका होती, त्या पुन्हा पुन्हा बजावत होत्या. पण हळूहळू मोतीबिंदू दाटला, आणि त्याच्या मागचं आम्हा दोघांनाही नीट दिसेना. मी इतका चिडलो होतो की जमलं असतं तर बल्ब फोडून घेतला असता.

पुढे बाळासोंनी तपासणीला येणंच सोडलं. यायचे ते फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. बाळासो मळ्यातला ताजा झेंडू आणायचे, हार स्वतः ओवायचे आणि माझ्या गळ्यात घालून हात जोडायचे. मॅडमनी "बसा जरा, डोळे बघू" म्हटलं की उत्तर ठरलेलं असे, "आज न्हाई मॅडम. आज हत्याराला हात लावत न्हाईत. त्याला इसावा असतोय." ज्याची पूजा करायची त्याच्यापुढे बसायचं मात्र नाही! हार घालून घेताना मला लाज वाटायची आणि संतापही यायचा.

गेल्या खंडेनवमीलाही ते आले. आमची मदतनीस गौतमी खोलीत होती. पेशंटची नजर पहिल्यांदा तीच तपासते. बाळासोंनी हार उचलला, माझ्या उजव्या अंगाला वीतभर लांब हवेतच अडकवला आणि सोडून दिला. हार खाली पडला. ते वाकून शोधू लागले आणि त्यांच्या पायाखालीच चार फुलं चिरडली.

गौतमीने हार उचलला, पण त्यांच्या हातात दिला नाही. "आबा, बसा इथं."

"अगं पोरी, आज त्याचा इसावा..."

"हार तुमचा, पण मशीन दवाखान्याचं हाय. बसा म्हणते ना!"

ते बसले. तिने त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा हात समोर धरला. "किती बोटं दिसत्यात?"

बाळासोंनी मान जरा इकडेतिकडे वळवली. "हात कुठं हाय तुझा?"

हात त्यांच्या नाकासमोर होता. बाळासोंनी स्वतःच डावा डोळा झाकून पाहिला, उघडला, पुन्हा झाकला. "मला वाटलं पिकतोय," ते पुटपुटले. "मला वाटलं, पिकत आला."

मॅडम धावत आल्या. माझा दिवा लागला. मोतीबिंदूच्या धुक्यातूनही कळत होतं, उजव्या डोळ्याची नस पार पांढरी पडली होती. डाव्याची अजून थोडी शिल्लक होती, पण दाब भलताच वाढला होता.

"आता थांबायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आणि त्याच बैठकीत आतून लेझर करायचा. एकाच छेदातून दोन्ही कामं."

"लेझर कशाला?"

"डोळ्यात पाणी तयार होतं आणि बारीक वाटेने निघून जातं. तुमची ती वाट अडलीय. मळ्यात पाण्याची चारी तुंबली तर तुम्ही काय करता?"

"मोटर बंद करतो."

"डोळ्याची मोटर बंद करता येत नाही, पण कमी करता येते. लेझरने तेवढंच करायचं. पण आधीच सांगते, गेलेलं परत येणार नाही. उरलेलं राखायचंय. आणि नंतरही तपासणी चुकवायची नाही, थेंब सांगितले तर टाकायचेच."

बाळासोंनी सवयीने तोंड उघडलं, "झेंडूचा तोडा तेवढा होऊ द्या..."

"तोडा मी बघते!" सोजरबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की मीही दचकलो. "समोरचा हात दिसंना आन् तोडा करायला निघालाय!"

ऑपरेशन दिवाळीच्या आधी झालं. ते शेजारच्या खोलीत होतं, तिथे माझ्यासारख्या जुन्याला प्रवेश नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि बाळासो माझ्यापुढे आले. डाव्या डोळ्याने त्यांनी मला नीट पाहिलं, हात फिरवला आणि म्हणाले, "हे एवढं जुनं हाय व्हय! रंग बी उडालाय की." मग सोजरबाईंकडे पाहून खुळ्यासारखे हसले. दाबही उतरला होता. सगळ्यांचे चेहरे फुलले.

मग त्यांनी विचारलं, "मॅडम, आता उजव्याचं कवा करायचं?"

मॅडमनी माझा दिवा बंद केला. "उजव्याचं काही करता येणार नाही, बाळासो. मी सांगितलं होतं."

"व्हय. सांगितलं व्हतं," ते म्हणाले आणि बराच वेळ स्टुलावरून उठले नाहीत.

यंदाच्या खंडेनवमीला बाळासो हार न घेताच आले. त्यांनी हाताला धरून धाकट्या भावाला, म्हाळूला, आणलं होतं. हे दुखणं एका घरात अनेकांना होऊ शकतं, असं मॅडमनी त्यांना बजावलं होतं. म्हाळू कुरकुरत होता, "मला चांगलं दिसतंय दादा. पुढल्या म्हैन्यात येतो की."

बाळासोंनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला माझ्यापुढे वाकवलं.

"पुढल्या म्हैन्यात, पुढल्या म्हैन्यात करत माझा उजवा डोळा गेला, म्हाळ्या. टेकव हनुवटी."

म्हाळूने टेकवली. मॅडमनी पाहिलं, मीही पाहिलं. नसेची कड झिजायला नुकती कुठे सुरुवात झाली होती. राखायला पुष्कळ उरलं होतं.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या गळ्यात एकही फूल नव्हतं आणि मला घटकाभर विसावाही मिळाला नाही. पण इतक्या वर्षांत माझी खरी पूजा झाली ती तेवढीच. तुमच्या घरी आजी असेल, आबा असतील, 'दुखत तर नाही' म्हणणारे काका असतील. त्यांना घेऊन या. माझ्यापुढे हात जोडू नका. दिवा चालू आहे तोवर फक्त हनुवटी टेकवा.