देव्हाऱ्यातला परवाना

मित्रांनो, मी एक जुना परवाना आहे. परदेशी माणसाला ब्रिटनमध्ये राहू देणारा, बँकेच्या कार्डाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. माझ्या पोटातल्या चिपमध्ये माझ्या मालकिणीच्या, निवेदिताच्या बोटांचे ठसे आहेत आणि तिचा चेहरा आहे. त्या फोटोत हसायला मनाई असते. मला ते फार आवडलं होतं.

लंडनमधल्या हॅरोच्या तिच्या घरात माझा भलताच मान होता. नोकरीच्या ठिकाणी, घरमालकापुढे निवेदिता मला पुढे करी आणि समोरच्याचा आवाज मऊ होई. घरी माझी जागा देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे. दसऱ्याला लॅपटॉपशेजारी मला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळे. मी चांगलाच फुगलो होतो.

मग सरकारने आम्हा सगळ्या कार्डांना रजा दिली. यापुढे व्हिसा ऑनलाइन. तिचा नवरा अतुल सरकारची ईमेल दाखवून दोनदा म्हणाला, "अगं, तुझं व्हिसाचं अकाउंट उघडून टाक. कार्ड एक्स्पायर झालंय."

"व्हिसा दोन हजार सत्तावीसपर्यंत आहे ना? आणि असल्या ईमेल फ्रॉडच असतात."

त्या दसऱ्यालाही तिने माझी पूजा केली. मी मेलो होतो, हे मला माहीत होतं. मला गंमत वाटली.

दिवाळीनंतर ती वडिलांना बघायला आठवडाभर नागपूरला गेली. ती परतणार त्याच आठवड्यात, गुरुवारी, तिच्या पाच वर्षांच्या अक्षयाच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन होतं. "तू जागी होशील ना, तेव्हा मी तिथेच असेन. प्रॉमिस," असं लेकीला सांगून ती निघाली. ब्रिटनमधून निघताना मला कुणी बघायला मागितलं नाही. परतताना, मंगळवारी मुंबई विमानतळावर तिने मला ऐटीत काउंटरवर ठेवलं.

"मॅडम, हे आता चालत नाही. ऑनलाइन व्हिसा दाखवा."

"अहो, पण हे ओरिजिनल आहे! परवा माझ्या मुलीचं ऑपरेशन आहे हो!"

"असेल. बाजूला व्हा, प्लीज."

ती तिथेच फरशीवर बसून फोनवर अकाउंट उघडू लागली. ते हाती यायला नऊ दिवस लागले.

अक्षया शुद्धीवर आली तेव्हा आई फोनच्या पडद्यावर होती. लेकीने फोन उलटा ठेवला.

निवेदिता परतली, तेव्हा लेक बाबाच्या मागे लपली. "तू प्रॉमिस केलं होतंस," एवढंच ती बसक्या आवाजात म्हणाली.

आता मी अक्षयाच्या खेळण्यांत असतो. ती एअरपोर्ट-एअरपोर्ट खेळते. आई मला पुढे करते. अक्षया मला उलटसुलट बघते आणि म्हणते, "नाही चालत. तू बाजूला हो." निवेदिता रोज बाजूला होते.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला शाळेत शिकवतात. माझ्यावरची तारीख तेवढी वाचत जा. मी मेलोय, हे मी स्वतःहून कधीच सांगणार नाही.